पोच न आलेला संदेश : वेबहुकांचे पुनःप्रेषण आणि क्लाउडमधील संदेश-रांगा

एका संगणक-प्रणालीत घडलेली घटना दुसऱ्या प्रणालीस तत्काळ कळविण्याची जी रीत आज रूढ आहे, तिला वेबहुक असे म्हणतात. हा शब्द २००७ साली जेफ लिंडसे यांनी प्रचारात आणला. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेचे शुल्क ऑनलाइन भरले, की पैसे स्वीकारणारी संस्था विद्यापीठाच्या सर्व्हरवरील ठरावीक पत्त्याकडे एचटीटीपी विनंती धाडते. तीत व्यवहाराचा क्रमांक, रक्कम व वेळ ही माहिती असते. सर्व्हरने २०० ते २९९ यांपैकी एखादा संकेतांक परत दिला, म्हणजे संदेशाची पोच मिळाली.

‘पैसे आले काय?’ अशी पृच्छा विद्यापीठास वारंवार करावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. तिचा दुबळेपणाही याच गुणात दडलेला आहे. पृच्छा करणारा पुन्हा विचारू शकतो. केवळ वाट पाहणाऱ्यास मात्र न पोहोचलेल्या संदेशाचे अस्तित्वच ठाऊक नसते. नेमक्या त्या क्षणी सर्व्हर बंद असला, तर शुल्क भरूनही विद्यार्थ्याचे नाव परीक्षेच्या यादीत येणार नाही. यास्तव पुन्हा पाठविण्याचे दायित्व मुख्यतः प्रेषकावर येते. सर्व प्रेषक ते सारख्याच प्रमाणात स्वीकारतात असे मात्र नाही. स्ट्राइप ही संस्था प्रयत्नांमधील अंतर वाढवीत तीन दिवसांपर्यंत पुनःप्रेषण करते. गिटहब अपयशी संदेश आपण होऊन पुन्हा पाठवीत नाही.

अपयशाचे प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत. ४१० हा संकेतांक आल्यास तो पत्ता कायमचा बंद झाला असे समजावे व प्रयत्न थांबवावेत. ४२९ आल्यास प्राप्तकर्त्यावर विनंत्यांचा भार अधिक झाला आहे. त्याने किती काळ थांबण्यास सांगितले आहे ते पाहावे. ५०० ते ५९९ यांतील संकेतांक बहुधा तात्पुरता बिघाड दर्शवितात. खरी अडचण उद्भवते ती मौनामुळे. उत्तर आलेच नाही, याचा अर्थ संदेश पोहोचला नाही असा होईल. पोहोचला पण त्यावर कार्य झाले नाही असा होईल. किंवा कार्यही झाले, केवळ पोच वाटेत हरवली, असाही होईल. प्रेषकास या तिहींतील भेद कळण्यास मार्ग नसतो. जिम ग्रे यांनी १९७८ साली ‘दोन सेनापतींचा विरोधाभास’ म्हणून वर्णिलेली अडचण तत्त्वतः हीच होय : जासूद वाटेत पकडला जाण्याची भीती असेल, तर प्रत्येक पोचेचीही पोच हवी, आणि ही मालिका कोठेच संपत नाही.

तेव्हा प्रेषकापुढे दोनच मार्ग उरतात. पुन्हा न पाठविल्यास संदेश हरवण्याचा धोका. पाठविल्यास तो दोनदा पोहोचण्याचा. व्यवहारात दुसरा धोका पत्करतात, कारण हरवलेली वस्तू शोधणे कठीण, पण दुहेरी वस्तू ओळखणे शक्य असते.

पुनःप्रेषणाचे काम संदेश-रांगेवर सोपविण्याचा प्रघात आहे. ॲमेझॉनची एसक्यूएस ही २००६ साली सर्वांस खुली झालेली सेवा याचे चांगले उदाहरण होय. रांगेतील संदेश उचलून पोहोचविणाऱ्या प्रोग्रामास सोयीसाठी वाहक म्हणता येईल. वाहकाने संदेश उचलला, तरी तो रांगेतून नाहीसा होत नाही; इतर वाहकांपासून काही काळ लपविला जातो. पोच मिळाल्यावर वाहकाने तो स्पष्टपणे पुसावयाचा असतो. वाहकच मध्ये बंद पडला, तर लपण्याची मुदत संपताच संदेश पुन्हा दिसू लागतो. ही मुदत मुळात ३० सेकंदांची असून १२ तासांपर्यंत वाढविता येते. अर्थात, प्राप्तकर्त्याच्या उत्तराची वाट मुदतीहून अधिक काळ पाहिली, तर दुसरा वाहक तोच संदेश उचलतो आणि यंत्रणा स्वतःच द्विरुक्ती निर्माण करते.

प्रत्येक अपयशानंतर ही मुदत दुप्पट करीत नेल्यास १, २, ४, ८ मिनिटे असा क्रम मिळतो. असे दहा पुनःप्रयत्न १०२३ मिनिटांत, म्हणजे सुमारे १७ तासांत, संपतात. अकराव्यासाठी लागणारी १०२४ मिनिटांची मुदत १२ तासांच्या मर्यादेत बसत नाही. त्याहून लांब क्रम हवा असल्यास पुढील प्रयत्नाची वेळ अन्यत्र नोंदवावी लागते. या अंतरांत थोडी यादृच्छिकताही मिसळतात. अन्यथा बंद पडलेला सर्व्हर सुरू होताच साचलेले सर्व संदेश एकाच क्षणी त्यावर कोसळतात आणि तो पुन्हा बंद पडतो.

ठरावीक प्रयत्नांनंतर संदेश ‘डेड-लेटर’ रांगेत हलविला जातो. पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी टपाल खात्यात असलेल्या कचेरीचे हे नाव येथे अन्वर्थक ठरते : पत्र फाडावयाचे नाही, माणसाने पाहण्यासाठी राखून ठेवावयाचे. एसक्यूएसमध्ये संदेश जास्तीत जास्त १४ दिवस राहतो, आणि साध्या रांगेत हा काळ मूळ रांगेतील प्रवेशापासून मोजला जातो. म्हणून डेड-लेटर रांगेची मुदत मूळ रांगेहून दीर्घ ठेवणे इष्ट.

इतके झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच : दोनदा आलेला संदेश एकच आहे, हे प्राप्तकर्त्याने कसे ओळखावे? ‘गाडी आली’ हे विधान दोनदा उच्चारले, तरी गाडी एकदाच आलेली असते. ‘खात्यात पाचशे रुपये मिळवा’ ही आज्ञा दोनदा पाळली, तर मात्र हजार होतात. वेबहुक हे स्वरूपाने विधान आहे; प्राप्तकर्ता त्यास आज्ञा मानून वागतो, तेथे दोष उद्भवतो. केवळ मजकूर ताडून पाहणेही पुरेसे नाही, कारण एकाच रकमेचे दोन खरे व्यवहार शब्दशः सारखे असू शकतात. म्हणून प्रत्येक घटनेस एक क्रमांक द्यावा आणि तो पुनःप्रेषणातही बदलू नये. प्राप्तकर्त्याने या क्रमांकाची नोंद आणि प्रत्यक्ष कार्य ही दोन्ही डेटाबेसच्या एकाच व्यवहारात करावीत. दोहोंपैकी एकच झाले, तर एक तर विद्यार्थी यादीतून सुटतो, किंवा शुल्क दोनदा जमा धरले जाते.

प्राप्तकर्त्यानेही आपल्या बाजूस रांग ठेवल्यास तो संदेश तीत टाकून त्वरित पोच देऊ शकतो व कार्य सावकाश करू शकतो. मात्र पोच संदेश रांगेत सुरक्षित टाकल्यानंतरच द्यावी, आधी नव्हे. पोच मिळताच प्रेषक आपल्याकडील प्रत पुसून टाकतो. त्या क्षणापासून त्या विद्यार्थ्याच्या शुल्काची वार्ता राखण्याचे दायित्व प्राप्तकर्त्याचे असते. रांग संदेश टिकवून धरते, पण त्याचे एकत्व राखीत नाही. ते राखण्याचा करार प्रेषक व प्राप्तकर्ता या दोघांनी मिळूनच पाळावा लागतो.