घरचें इंधन आणि काटकसर

मंगळवार पेठेंतून निघून हिंवाळ्यांत पंचगंगेकांठच्या एखाद्या गुऱ्हाळावर गेलें असतां काहिलीखालीं वाळलेलीं चिपाडें धडधडत असलेलीं दिसतात. तीं घरचींच असल्यामुळें जुन्या चुलवाणांतून किती उष्णता वायां जाते, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. खनिज तेल व वायु उत्पन्न करणाऱ्या कित्येक देशांची स्थिति अशीच आहे. ज्यांच्या घरीं इंधन विपुल, त्यांच्याच घरीं त्याचा अपव्यय कां व्हावा?

पहिलें कारण किंमत हें होय. इराण, व्हेनेझुएला इत्यादि देशांत सरकारनें पेट्रोल दीर्घकाळ अत्यंत स्वस्त ठेविलें. मग इंधन वांचविणारें नवें यंत्र महाग पडतें व वांचलेल्या इंधनाचें मोल नगण्य ठरतें. सन २०१० च्या डिसेंबरांत इराणनें दर एकदम वाढविले व लोकांस रोख रक्कम दिली; परंतु पुढें महागाईनें त्या वाढीचा प्रभाव बराच पुसून टाकला.

दुसरें कारण हवामान व उद्योग. कुवेत, सौदी अरबस्तान येथें घरें थंड ठेवण्यास व समुद्राचें पाणी गोडें करण्यास पुष्कळ ऊर्जा लागते. तेलशुद्धि, खतें, ॲल्युमिनियम हे धंदेहि इंधन फार खातात. हा सर्वस्वीं आळसाचा दोष नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तिसरें कारण, तेलाबरोबर वर येणारा वायु. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर ‘बॉम्बे हाय’ येथें १९७४ मध्यें तेल सांपडलें व १९७६ मध्यें उत्पादन सुरू झालें. सर्व वायु नेण्यास नळ व घेण्यास गिऱ्हाईक पुरेसें नव्हतें, म्हणून त्यांतील बराच भाग समुद्रावरच जाळावा लागला. उरणपर्यंत नळ, थळचा खतकारखाना व हजिऱ्याहून उत्तरेकडे गेलेली लांब वाहिनी झाल्यावर हा नाश कमी झाला. तथापि २०२४ सालींहि जगांत सुमारें १५० अब्ज घनमीटर वायु असा व्यर्थ जळाला.

नॉर्वेनें मात्र १९७१ पासूनच वायु व्यर्थ जाळूं न देण्याचें धोरण ठेविलें, आणि १९९१ पासून समुद्रावरील तेलकेंद्रांच्या धुरावर कर बसविला. तेव्हां विपुलता हें उधळेपणाचें अटळ कारण नव्हे.

आपल्याकडील साखरकारखान्यांनाहि हा धडा मिळाला. उसाच्या चोथ्यापासून वीज करून ती विकतां येऊं लागली, तेव्हां बाष्पपात्रें सुधारलीं व चोथा जपून वापरला जाऊं लागला. मोल कळलें कीं हात आंखडतो. विद्यार्थिमित्रांनो, जें फुकट मिळतें त्याचाच हिशेब आधीं ठेवावा. कारण भूगर्भांतील तेल एकदां जळलें कीं पुन्हां मिळत नाहीं.