मत्स्यालयातील आजारी मृदू प्रवाळ : निदान आणि उपचार

या पाठात आपण एका जिवंत उदाहरणातून दोषनिदानाची पद्धत समजून घेणार आहोत. यंत्र बिघडले की आपण आधी मोजमाप घेतो, मग कारण शोधतो आणि शेवटी दुरुस्ती करतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळ आजारी पडला तरी क्रम हाच असतो. फरक इतकाच, की येथे सुटा भाग बदलता येत नाही.

१. मृदू प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसत असला तरी तो प्राण्यांची वसाहत असतो. वसाहतीतील प्रत्येक लहान प्राण्याला पॉलिप म्हणतात. मृदू प्रवाळाच्या पॉलिपला आठ स्पर्शके असतात. त्याला दगडी सांगाडा नसतो. मांसल शरीरात चुन्याच्या सूक्ष्म कंटिका विखुरलेल्या असतात. आपण सार्कोफायटॉन या प्रजातीचे उदाहरण घेऊ. त्याचा आकार छत्रीसारखा असतो : खाली देठ आणि वर पसरट टोपी. याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. म्हणून प्रकाश, तापमान आणि पाण्याचे रसायन यांपैकी काहीही बिघडले की प्रवाळाची उपासमार सुरू होते.

२. आजार की कात टाकणे?

सार्कोफायटॉन अधूनमधून आपले पॉलिप आत ओढून घेतो. टोपीवर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि काही दिवसांनी तो सुटून जातो. ही साफसफाईची नैसर्गिक क्रिया आहे. नवशिक्याला मात्र प्रवाळ मेला असेच वाटते. दोन्ही अवस्थांतील फरक असा :

- कात टाकताना देठ ताठ आणि ऊती घट्ट असतात. सडताना देठ लुळा पडतो आणि ऊती विरघळू लागतात.
- कात टाकताना पापुद्रा सुटल्यावर खालचा भाग स्वच्छ दिसतो. सडताना तपकिरी चिकट थर, खड्डे आणि कुजका वास येतो.
- रंग पांढरट होत असेल, तर शैवाल निघून जात आहेत. तापमान किंवा प्रकाश अचानक वाढल्याची ती खूण असते.

३. निदानाचा पहिला प्रश्न

टाकीतील सगळेच प्राणी मलूल आहेत, की एकच? सगळे मलूल असतील, तर दोष बहुधा पाण्यात आहे. एकच असेल, तर कारण त्याच्या आसपास शोधा : प्रवाह कमी पडतो का, दिवा फार जवळ आहे का, शेजारचा प्रवाळ टोचतो का, देठाच्या बुडाशी ऊती खाणारी समुद्री गोगलगाय आहे का. मृदू प्रवाळ पाण्यात टर्पीन वर्गातील रसायने सोडतात आणि शेजाऱ्यांची वाढ रोखतात, हेही लक्षात ठेवावे.

पाण्याची साधारण योग्य मूल्ये : तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता सुमारे ३५ (एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), अल्कता ८ ते ११ डीकेएच, अमोनिया शून्य. तांबे तर अजिबात नको. माशांच्या काही औषधांत ते असते आणि प्रवाळाला ते विषासमान आहे.

४. आमच्या प्रयोगशाळेतील उदाहरण

आमच्या महाविद्यालयात संवेदक आणि नियंत्रण शिकवण्यासाठी १०० लिटरची एक टाकी आहे. उन्हाळ्यात तापमान आवरण्यासाठी आम्ही पाण्यावर पंखा लावला. पंखा थंडावा देतो तो बाष्पीभवनातून, म्हणजे पाणी घटणारच. सुट्टीत मदतनिसांना मीच सांगून गेलो, "पाणी कमी झाले की कॅनमधले घाला." कॅन दोन होते : एकात शुद्ध आरओ पाणी, दुसऱ्यात तयार खारे पाणी. चिठ्ठी मात्र मी कोणत्याच कॅनवर लावली नव्हती.

आता गणित पाहू. टाकीचा तळ ६० × ४० सेंमी आहे. पातळी ४ सेंमी उतरली म्हणजे ९.६ लिटर पाणी उडाले. मीठ उडत नाही. ते टाकीतच राहते. सुरुवातीला क्षार साधारण ३५०० ग्रॅम होते. ९.६ लिटर खारे पाणी घातले की ३३६ ग्रॅम वाढतात आणि क्षारता ३८.४ होते. असे दोनदा झाले की ४१.७.

परत आलो तेव्हा सार्कोफायटॉन मिटलेला होता. हलत्या काट्याच्या घनतामापकाने क्षारता ठीक दाखवली, म्हणून "कात टाकतोय" असे समजून मी दहा दिवस थांबलो. टोपीची कड विरघळू लागली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मापक तपासलाय का?" काट्यावर मिठाचा थर बसून तो जड झाला होता आणि कमी वाचन दाखवत होता. ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेल्या अपवर्तनमापकाने ४२ दाखवले. शिवाय टाकीतील कोळंबीही सुस्त होती. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर समोरच होते. मी तो प्रश्न विचारला नव्हता.

५. उपचार

(अ) मूळ कारण हळूहळू दूर करा. क्षारता एका दिवसात साधारण एकानेच उतरवावी. त्यासाठी टाकीतील २.४ लिटर पाणी काढून तेवढेच आरओ पाणी घातले (१०० ÷ ४१.७ ≈ २.४). आम्हाला आठवडा लागला. घाई केली असती, तर तो दुसरा आघात ठरला असता.

(आ) सडलेला भाग काढा. हातमोजे आणि चष्मा घालून, टाकीतील पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, धारदार पात्याने निरोगी ऊतींपर्यंत काप घ्या. कुजका भाग टाकीत सोडू नका.

(इ) प्रवाळांसाठीच्या आयोडीनच्या द्रावणात, बाटलीवरील प्रमाण आणि वेळ पाळून, बुडवून काढा. स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन मगच परत ठेवा.

(ई) मध्यम, बदलता प्रवाह द्या, म्हणजे चिकट थर साचत नाही. नवा सक्रिय कोळसा वापरा. बरे होईपर्यंत प्रकाश वाढवू नका.

(उ) एका वेळी एकच बदल करा आणि वहीत नोंद ठेवा. पाच औषधे एकदम घातली, तर कशाने बरे वाटले किंवा बिघडले हे कधीच कळणार नाही.

आमच्या प्रवाळाची एक तृतीयांश टोपी गेली. काही आठवड्यांनी उरलेल्या भागावर पॉलिप पुन्हा उमलले. दोन्ही कॅनवर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या आहेत.

एक सूचना : समुद्रातून प्रवाळ तोडून आणू नका. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे.

स्वाध्याय

१. वरील टाकीत पातळी २ सेंमी उतरली आणि काहीच भरले नाही, तर ३५ ची क्षारता किती होईल?

२. चुकीचे वाचन देणारे उपकरण हे उपकरण नसण्यापेक्षा अधिक घातक का ठरते? तुमच्या शाखेतील एक उदाहरण द्या.