बोली कुणाच्या तोंडी?

मराठी चित्रपट बोलू लागला तो १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’पासून. प्रभात कंपनीने हा बोलपट कोल्हापुरात तयार केला. पण त्यातल्या हरिश्चंद्राची भाषा कोल्हापूरची नव्हती. ती भूमिका करणारे गोविंदराव टेंबे संगीत नाटकांत गाजलेले नट, आणि संवादांवरही रंगभूमीचाच ठसा होता. पुढे सामाजिक चित्रपट आले, तमाशापट आले, दूरदर्शन आले. पण शहरी कथानकांतली वाटणी फार काळ तीच राहिली. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलणार आणि बोली येणार ती घरगड्याच्या, मोलकरणीच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. गावाकडच्या चित्रपटांत नायकही ग्रामीण बोले, मात्र ते गाव नेमके कुठल्या जिल्ह्यातले, हे त्याच्या बोलण्यावरून बहुधा कळत नसे.

खरी बोली तर गाव सांगते.

‘काय करतोस?’ हा साधा प्रश्न घ्या. कोल्हापूरकडे तो ‘काय करालायस?’ होतो, नागपूरकडे ‘काय करून रायला?’ आणि सिंधुदुर्गात ‘काय करतंस?’. तिन्ही ठिकाणी क्रियापद आपापल्या रीतीने चालते. कोल्हापूर भागात अनेक बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असेच म्हणतात. तिथे ती चूक नाही, रीत आहे. पडद्यावरची ‘ग्रामीण’ भाषा मात्र अनेकदा ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘नाही’चे ‘न्हाई’ करून, वर ‘बी’ आणि ‘व्हय’ पेरून उभी केली जाते. वाक्याचा सांगाडा प्रमाण मराठीचाच राहतो.

बोलीच्या बळावर सबंध नाटक उभे राहू शकते, हे गंगाराम गवाणकरांच्या मालवणी ‘वस्त्रहरण’ने १९८० साली दाखवले. त्यातले प्रमुख नट मच्छिंद्र कांबळींनी ही मालवणी गावागावांत आणि परदेशातही नेली. प्रयोगांची संख्या पाच हजारांवर गेली. मालवणी न बोलणारा प्रेक्षकही खळखळून हसला, कारण संवाद कानाला कळण्याआधीच त्यातली लय पोचत होती. तरीही या यशाने एक समज पक्का केला: बोली म्हणजे विनोद.

हा समज मोडायला नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांनी मोठी मदत केली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा दिग्दर्शक आपल्याच मुलखाची भाषा घेऊन आला. ‘फँड्री’त नायक जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते. ही द्राविडी कुळातली, तमिळशी नाते सांगणारी भाषा. घराबाहेर पडले की तेच कुटुंब गावाशी मराठीत बोलते. एकही भाषण न देता चित्रपट दाखवून देतो की या माणसांचे घर आणि गाव यांच्यामध्ये किती अंतर आहे.

२०१६च्या ‘सैराट’ने त्याहून मोठी गोष्ट साधली. आर्ची ही गावातल्या बड्या राजकारण्याची मुलगी. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि बोलते ती तिथली बोली. म्हणजे बोली गरिबाची किंवा अडाण्याची खूण उरली नाही, ती नायिकेच्या रुबाबाचा भाग झाली. हीच मुलगी पळून हैदराबादला जाते आणि तिथे तेलुगू कानावर पडू लागताच तिचा आवाज बसतो. पुढे ती कारखान्यात काम करता करता तेलुगू शिकते. तिची सत्ता आधी भाषेतून दिसते, निराधारपणही भाषेतूनच दिसते आणि नव्याने उभे राहणेही.

त्याच वर्षी मालिकांनीही बोलीकडे मोर्चा वळवला. ‘रात्रीस खेळ चाले’मुळे मालवणी रोज रात्री घराघरांत ऐकू आली. ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या राणाचे ‘चालतंय की’ तर कोल्हापूरबाहेरही लोकांच्या तोंडी बसले. पण याच मालिकेत पैलवान नायक बोली बोलतो आणि शिक्षिका नायिका प्रमाण मराठी. शिकलेल्या माणसाने बोली सोडायची असते, हा जुना धडा इथे नकळत पुन्हा गिरवला जातो. पुढच्या वर्षी आलेल्या ‘लागिरं झालं जी’त नायक-नायिका दोघेही साताऱ्याकडचे बोलतात, म्हणून ती जोडी बरोबरीची वाटते.

रोज भाग द्यायचा म्हटले की घाई होते, हे खरे. मुंबईत बसून लिहिणाऱ्याला प्रत्येक जिल्ह्याची बोली येणार नाही, हेही खरे. मग त्या गावातला जाणकार लेखकांच्या चमूत घ्यावा, त्याला लेखकासारखे मानधन द्यावे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव यावे. प्रेक्षकांनीही आपल्या भागाची बोली पडद्यावर ऐकताना दोन गोष्टी तपासाव्यात: क्रियापदे आपली आहेत का, आणि ती बोलणाऱ्या पात्राला कथेत मान आहे का. दोन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर वाहिनीला तसे जरूर कळवावे.