माहिती चौकट : सहावीचे विज्ञान आणि वाशीमचे खळे

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून विभक्त झालेल्या आणि २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत दाखल झालेल्या वाशीम जिल्ह्यात विज्ञानाचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम एकाच वेशीतून प्रविष्ट होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण व २०२३ चा अभ्यासक्रम आराखडा यांवर आधारलेले सहावीचे पुस्तक केंद्रीय मंडळाच्या नवोदय विद्यालयासारख्या शाळांकरिता २०२४ मध्ये निघाले. जिल्हा परिषदेच्या शाळांना मात्र राज्य शासनाचा क्रम लागू असून त्याचा अंमल २०२५-२६ पासून, तोही पहिलीपासून, सुरू झाला.

त्या बारा प्रकरणांच्या पुस्तकात मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याचा एक पाठ आहे, आणि त्यात वेचणे, मळणी, उफणणी, गाळणे या क्रियांचा विचार केला आहे. मानोऱ्याच्या किंवा मंगरुळपीरच्या खळ्यावर आईच्या सुपातून तुरीचा भुसा वाऱ्यासरशी दूर उडताना आणि दाणे तिच्या पायाशीच पडताना ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला येथे क्रिया शिकवावयाची नसून तिचे कारण तेवढे विचारावयाचे आहे. आणि उफणणीच्या तपशिलात, खरे सांगावयाचे तर, तो पुष्कळदा आपल्या गुरुजींनाही भारी पडेल.

आराखड्यानुसार विज्ञान हा स्वतंत्र विषय सहावीतच सुरू होतो; तिसरी ते पाचवीपर्यंत तो भोवतालच्या जगाच्या एकत्रित अभ्यासात सामावलेला असतो.