गाडी नवी की जुनी?

हसनाबादेत राहायचे आणि दवाखाना, कॉलेज, कचेरी सारे भोकरदन, जालन्याला. एस.टी. चुकली की दिवस गेला. म्हणून चारचाकी हवी, हे घरात सर्वांना पटले. नवी की जुनी, यावर मात्र दोन तट पडले. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. मुलगा नवीवरच अडून बसला. पण हप्ता कशातून? मुलीच्या फीतून?

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीला. हप्ता त्या चौथ्या भागात हात घालणार, हे दिसताच आम्ही जुनीकडे वळलो.

जुनी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते; तेरा वर्षांची गाडी स्वस्त का, हे त्यातच आले. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र व फॉर्म 35 मागावा. फॉर्म 29 व 30 भरून आर.टी.ओ.त नाव लगेच बदलावे. कागदोपत्री ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले. विकणारे हेच विसरतात.

आम्ही पाहिलेली पहिली गाडी वरून चकचकीत, खालून गंजलेली. सोडून दिली. दुसरी शोधतो आहोत; फी मात्र भरून टाकली.