पत्र्याच्या शेडमधील वायफायचे गणित

सोलापूर–पुणे महामार्गालगत मोहोळ तालुक्यात वसलेल्या चिंचोळी एमआयडीसीमध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखे अभियांत्रिकी कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांतील पत्र्याचे छत, क्रेनचे गर्डर व यंत्रांचे लोखंडी सांगाडे रेडिओ लहरींना परतवून लावत असल्याने वायफायचे नियोजन तेथे कार्यालयापेक्षा कितीतरी अवघड होते. अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले नेटवर्क लहरींवाटे पसरवणारे उपकरण, कोठे व किती बसवावे, हा प्रश्न सहसा अंदाजाने सुटतो. वास्तविक तो इष्टतमीकरणाचा, म्हणजे दिलेल्या अटी पाळून सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचा प्रश्न आहे.

शेडमध्ये उपकरण टांगता येईल असे ४० खांब असतील, तर प्रत्येक खांबाला ‘होय’साठी १ आणि ‘नाही’साठी ० असा अंक देऊन, कामाच्या प्रत्येक जागी निवडलेल्यांपैकी किमान एका उपकरणाचा पुरेसा सिग्नल पोहोचावा, अशी अट घातली जाते आणि ती पाळणारी कमीत कमी उपकरणांची निवड शोधली जाते. निवडीचे पर्याय मात्र २चा ४०वा घात, म्हणजे एक लाख कोटींहून अधिक होतात, आणि संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ कुप्रसिद्ध कठीण प्रश्नांची यादी दिली, तिच्यात याच जातीचा संच-आच्छादनाचा प्रश्न आहे. म्हणून आधी ० व १ यांच्या दरम्यानच्या अपूर्णांकांची मुभा दिली जाते: त्या सैल प्रश्नाचे उत्तर ६.३ आले, तर सातांपेक्षा कमी उपकरणांत भागणार नाही हे सिद्ध होते आणि असंख्य पर्याय न तपासताच बाद होतात. असे सैल प्रश्न सोडवणाऱ्या रेषीय प्रोग्रॅमिंगला १९८४ मध्ये नवी वेगवान पद्धत देणारे नरेंद्र करमरकर हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते, हे येथे नोंदवायला हरकत नाही.

सिग्नल अशक्त वाटला की आणखी एक डबा लावण्याची सवय मात्र घातक ठरते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील चॅनेल एकमेकांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झवर असून प्रत्येकाची रुंदी सुमारे २० असल्याने १, ६ आणि ११ हे तीनच परस्परांत न मिसळता वापरता येतात. एकाच चॅनेलवरील शेजारी उपकरणांना आळीपाळीने बोलावे लागते आणि वेग घटतो. म्हणून शेजाऱ्यांना वेगवेगळे चॅनेल द्यावे लागतात; नकाशावरील लगतच्या प्रदेशांना वेगवेगळे रंग देण्याचे जुने कोडे ते हेच. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल अधिक मिळतात, पण त्या लहरी भिंतींतून कमी पार होतात.

वरील अटींमधील सिग्नलचे आकडे रिकाम्या शेडच्या आराखड्यावरून काढले, तर उत्तर गणिती दृष्ट्या अचूक असूनही प्रत्यक्षात चुकते. यंत्रे बसल्यावर, माल रचलेला असताना आणि क्रेन फिरत असताना मोजणी करावी लागते, आणि मांडणी बदलली की ती पुन्हा करावी लागते.