बॅच फाईलमधील पत्ता व अवतरणचिन्हे

शालेय दप्तराच्या प्रती सुरक्षित ठेवण्यासाठी काही शिक्षक विंडोज संगणकावर बॅच फाईल तयार करतात. तीत ओळीखाली ओळ लिहिलेल्या आज्ञा संगणक क्रमाने पाळतो. श्रम वाचतात हे खरे. परंतु आज्ञेतील पत्ता सदोष असल्यास दप्तरच नष्ट होण्याचा संभव असतो.

पत्ता म्हणजे फाईलपर्यंतची वाट. डी:\निकाल\चौथी असे लिहिले की डी ड्राइव्हमधील ‘निकाल’ फोल्डर व त्यातील ‘चौथी’ असा बोध होतो. मधली रेघ उलटी तिरपी असते. डॉस प्रणालीत फोल्डरांची सोय १९८३ साली आली, तेव्हा सुलटी रेघ उपाज्ञांना देऊन झाली होती. म्हणून पत्त्याच्या वाट्यास उलटी आली.

खरा घोटाळा होतो तो रिकाम्या जागेमुळे. पूर्वी फाईलचे नाव आठ अक्षरांचे व पुढे तीन अक्षरांचा प्रत्यय, एवढेच असे. १९९५ च्या विंडोजपासून लांब व सुट्या शब्दांची नावे रूढ झाली. आज्ञा वाचताना संगणक मात्र रिकामी जागा आली की एक पत्ता संपला असे समजतो. समजा, डी ड्राइव्हमध्ये ‘निकाल’ आणि ‘निकाल जुने’ अशी दोन फोल्डरे आहेत. जुने काढून टाकावे म्हणून शिक्षकाने आरडी या आज्ञेस एस व क्यू या उपाज्ञा जोडून पुढे डी:\निकाल जुने असे लिहिले. संगणक यात दोन पत्ते वाचतो. पहिला पत्ता चालू वर्षाच्या ‘निकाल’ फोल्डरचा! ते न विचारता पुसले जाते, कचरापेटीतही उरत नाही. आणि ‘जुने’ सापडत नाही अशी तक्रार तेवढी पडद्यावर येते. ज्याचे काढावयाचे ते जागच्या जागीच राहते.

संपूर्ण पत्ता "डी:\निकाल जुने" असा दुहेरी अवतरणचिन्हांत घातला की तो एकच मानला जातो. नावात ‘अँड’चे चिन्ह (&) असल्यासही हाच उपाय; एरवी त्या चिन्हापाशी एक आज्ञा संपून दुसरी सुरू होते. चिन्हे सरळ हवीत. लेखन-प्रणालीत टंकलेली वळणदार चिन्हे चालत नाहीत, यास्तव बॅच फाईल नोटपॅडमध्येच लिहावी. पुसण्यापूर्वी तोच पत्ता डीआयआर या आज्ञेपुढे लिहून पाहावा. कोणते फोल्डर उघडते ते बिनधोक कळते.

रोबोकॉपी वापरताना मात्र पत्त्याच्या शेवटी, मिटत्या अवतरणचिन्हाच्या लगत उलटी रेघ ठेवू नये. ती असल्यास ते चिन्ह मिटते मानले जात नाही, आणि पुढील पत्ता त्यातच मिसळतो.

पेनड्राइव्ह एका संगणकावर ई, तर दुसऱ्यावर एफ होतो. अशा वेळी पत्त्यात अक्षर न लिहिता टक्केचिन्ह, नागमोडी रेघ, डी, पी व शून्य ही चिन्हे इंग्रजीत सलग लिहावीत. बॅच फाईल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता, शेवटच्या उलट्या रेघेसह, तेथे आपोआप येतो. त्या फोल्डरच्या नावातही रिकामी जागा असू शकते. तेव्हा अवतरणचिन्हे येथेही हवीतच.